फोन पाइपाले टेकवा

साल २०२२. माझं वय तेव्हा चौसष्ट. आधार कार्डावर एकसष्ट. शाळेत नाव घालताना गुरुजींनी आमच्या बापाला जन्मतारीख विचारली, तर बाप म्हणाला, "लिहा न तुमाले सोयीची वाटंल ते." गुरुजींनी एक जून लिहिली आणि सालही सोयीचं लिहिलं. त्या सोयीमुळेच मला म्हातारपणी खुर्चीची नोकरी मिळाली, कारण साठीच्या पुढचा माणूस कंपनी नव्याने घेत नव्हती. पाचवीत दोनदा बसलेल्या माणसाला शाळेने एवढं एकच दिलं, पण वेळेवर कामी आलं.

या अंकाचे संपादक म्हणाले, भाऊ, तुम्ही पस्तीस वर्षं विहिरीत उतरले, त्याच्यावर लिहा. विहिरीत उतरणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मी त्याच्या नंतरचं लिहितो. विहिरी सुटल्यावर तिसरं वर्ष चालू होतं, मी चिखलीत एका खुर्चीवर बसून लोकांचे फोन घेत होतो. कस्टमर केअर म्हणतात त्याला. आणि पुण्यात एक बाई होती. मी फोनवर कसा बोलतो ते ऐकायचं, एवढ्याचाच तिला पगार होता.

मी मूळचा उंद्रीचा. चिखलीत मोटारपंपाच्या दुकानात फिटर म्हणून लागलो तो तिथेच राहिलो. मोटार विहिरीतून वर काढायची, खोलायची, बेअरिंग बदलायचं, पुन्हा खाली सोडायची. गुडघे गेले तेव्हा शेठ म्हणाले, आता घरी बसा. मी म्हटलं, बसतो, पण घरी नाही. मी जरा हट्टी आहे. दोन महिने दुकानाच्या पायरीवर बसलो आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट सल्ला दिला. शेठला तो भारी पडला, कारण निम्म्या लोकांना मी सांगायचो की तुमची जुनी मोटार चांगली आहे, नवी घेऊ नका.

नेमकी तेव्हाच पुण्याची पंपाची कंपनी अडचणीत आली होती. त्यांचे सगळे फोन पुण्याला जायचे. आपल्या भागातला माणूस सांगायचा, "मोटार भनभन करून राह्यली अन् पानी फेकून नाही राह्यली." तिकडची पोरगी विचारायची, "सर, मोटार नक्की काय करते आहे?" हा म्हणायचा, "तेच त सांगून राह्यलो न बाई." असं दहा मिनिटं चालायचं आणि मोटार तिकडे जळून जायची. तेव्हा कंपनीने ठरवलं की बुलडाण्याचे फोन बुलडाण्याच्याच माणसाने घ्यावे. शेठने माझं नाव सुचवलं. पायरी मोकळी झाली म्हणून त्यांनी पेढे वाटले असं गजानन सांगतो. गजानन म्हणजे दुकानाच्या काउंटरवरचा माणूस, चाळिशीतला, दोन पोरींचा बाप, आणि सगळ्यांच्या गोष्टीत कान घालणारा. त्याचे कान पुढे कामी येणार आहेत.

दुकानाच्या वर एक खोली होती. त्यात एक खुर्ची, एक मोबाईल, कानाला लावायचा हेडफोन आणि एक कॉम्प्युटर आला. झालं कस्टमर केअर.

हे काम कसं असतं ते सांगतो. शेतातली विजेची लाइन पाळीने येते. उंद्रीकडे दहाला आली तर दहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन उंद्रीने भरून जायचा. अकराला दुसरा पट्टा. कुणाचा फोन आहे ते मी घड्याळ पाहून सांगू शकत होतो. माणसाला मोटारीचं दुखणं सांगता येत नाही, त्याला फक्त ती बिघडली हे सांगता येतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगायचो, "फोन पाइपाले टेकवा." मोटार पाण्याखाली असते, पण तिचा आवाज लोखंडी पाइपातून वर येतो. एक फेज गेला की ती जागच्या जागी घूं करून कण्हते. विहीर उपसली की आवाज हलका होतो, रिकाम्या ट्रॅक्टरसारखा. हवा धरली की पाइपात गुडगुड होते. आणि बेअरिंग जायला लागलं की या सगळ्या आवाजांच्या वरून एक बारीक शिट्टी निघते, सुईसारखी. ती ओळखली तर मोटार वाचते, लगेच बंद करून वर काढायची. नाही ओळखली तर बेअरिंग जाम होतं आणि तासाभरात मोटार जळते.

पस्तीस वर्षं मी हे आवाज पाइपाला कान लावून ऐकले होते. आता खुर्चीवर बसून ऐकायचे, एवढाच फरक. मला वाटलं, यात कोण आपली चूक काढणार.

पहिल्याच महिन्याच्या शेवटी पुण्याहून फोन आला. "नमस्कार काका, मी मृणाल. क्वालिटीमधून बोलते. तुमचे वीस कॉल मी ऐकले. शंभरपैकी अडतीस आहेत."

मी म्हटलं, "पास कितीवर?"

"सत्तर."

शाळा सोडून पन्नास वर्षं झाली होती आणि मी पुन्हा नापास.

मार्क कशाचे, तर फोन उचलल्यावर एक वाक्य म्हणायचं, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो. त्याचे दहा. ग्राहकाचं नाव तीनदा घ्यायचं, त्याचे मार्क. चार मिनिटांत फोन संपवायचा, त्याचे सगळ्यात जास्त. ते वाक्य मी एकदा म्हणून पाहिलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "आमाले विमा काढाचा नाही, बाप्पा," आणि त्याने फोन ठेवून दिला. चार मिनिटांचं तर विचारूच नका. आपल्याकडे माणूस फोन केल्या केल्या कामाचं बोलत नाही, ते बरं दिसत नाही. जेवण झालं काय, तुमच्याकडे पाणी कसं आहे, पोरगी नांदायला गेली काय, आणि मग ठेवता ठेवता, हाव भाऊ, ते मोटार जराशी. पुण्याचं घड्याळ तोवर संपलेलं असायचं.

मृणाल दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करायची.

"काका, हा कॉल पाहा. सहा मिनिटं नुसती घरघर आहे. तुम्ही काहीच बोललेले नाही."

"ऐकून राह्यलो होतो."

"सहा मिनिटं?"

"मोटार बोलून राह्यली होती. मधात बोलाव काय?"

"आमच्याकडे याला शांतता म्हणतात. शांततेचे मार्क कापतात."

दुसऱ्या एका महिन्यात म्हणाली, "हा कॉल एकदम तुटलाय. शेवटी डुबुक असं काहीतरी आहे. तुम्ही ठेवला का?"

"नाही. विहिरीत पडला."

तिने हळूच विचारलं, "कोण?"

"मोबाईल. पाइपाले टेकवताना हातचा सुटला."

"आणि ग्राहक?"

"तो काठावर होता. मंग बायकोच्या फोनवरून त्याचा फोन आला, मोबाईल काढाले कोणची मोटार लागते म्हून."

ती हसली. हसण्याचे मार्क नाहीत, ते तिनेच सांगितलं.

उंद्रीचा एक गिऱ्हाईक होता, नाव सांगत नाही, माझ्या ओळखीतलाच आहे. तो रोज दहा वाजून दहा मिनिटांनी फोन करायचा, मोटार चांगली चालते हे सांगायला. "भाऊ, आज बी चांगली हाये. ऐकवू काय?" आणि पाइपाला टेकवायचा. मृणालने विचारलं, तक्रार नाही तर हा फोन कोणत्या रकान्यात घालायचा. मी म्हटलं, समाधान नावाचा रकाना असंल तर त्याच्यात घाला. तसा रकाना नव्हता. शेवटी तिने त्याला 'चुकीचा नंबर' मध्ये टाकलं.

आणखी एक. माझ्या मार्कांच्या कागदावर ती दर महिन्याला खाली एक शेरा लिहायची, "नेटवर्क खराब, ग्राहकाला पुन्हा पुन्हा विचारावे लागते." मी शेठशी भांडून दोनदा सिमकार्ड बदलून घेतलं. मोबाईल खिडकीत टांगून पाहिला. शेरा काही जाईना. मी कंपनीच्या नावाने बोटं मोडत राहिलो.

हळूहळू मार्कांचं बोलणं दोन मिनिटांत संपायला लागलं आणि बाकीचं वीस मिनिटं. ती सांगलीकडची. औषधांचं शिक्षण अर्धवट सोडून फोनच्या नोकरीला लागली होती. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकून घरी गेल्यावर तिला कुणी बोललेलं सहन होत नव्हतं. एकदा पाहुणे तिला पाहायला आले. मुलगा चांगला होता, पण तो समोरच्याचं बोलणं मधेच तोडायचा. "मी मनातल्या मनात त्याला बावन्न दिले, काका. नापास केला." मी म्हटलं, मले अडतीस आहेत अन् माह्यं लग्न झालं. ती म्हणाली, तुमच्या वेळी क्वालिटी नव्हती. दुसऱ्या एका सोमवारी सांगत होती की मीटिंगमध्ये साहेबाला 'का' विचारायचं तर तिच्या तोंडून "काऊन" निघून गेलं आणि सगळी मीटिंग हसली. माझे फोन ऐकून ऐकून तिला आपली बोली लागली होती. मला आतून बरं वाटलं. नापास मास्तराचा एक विद्यार्थी पास झाला.

आता देऊळघाटच्या वच्छलाबाईंचं सांगतो. त्यांच्या विहिरीवर आज कंपनीची दुसरी मोटार आहे. ती कशी आली, तेच सांगायचं आहे.

फेब्रुवारी होता. वच्छलाबाईंचा एक एकर कांदा बियाण्यासाठी लावलेला, गोंडे फुलावर आलेले. त्या वेळी पाणी तुटलं की दाणा भरत नाही, गोंडा नुसताच वाळतो, वर्षाची मेहनत जाते. बाई फटकळ, कामाच्या पक्क्या. त्यांचा फोन आला.

"भाऊ, मोटार येगळीच वाजून राह्यली."

"पाइपाले टेकवा."

टेकवला. मी ऐकलं. घरघर होती, मधून गुडगुड होती.

"हवा धरली. चालू राहू द्या, निंघून जाईन."

"वरतून शिट्टीवानी वाजते न, भाऊ."

"शिट्टी नाही. पस्तीस वर्षं झाले मले."

"आमाले त ऐकू येऊन राह्यली."

"मंग तुमच्या कानात असंल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तासाभरात मोटार जळली. कंपनीचा मेकॅनिक गेला, त्याने मोटार वर काढली, वाइंडिंग काळं झालेलं. त्याने तिथून मला विचारलं, "भाऊ, पुरी खोलून पाहू काय?" मी म्हटलं, गरज नाही, म्या ऐकली आहे. माझं गणित सरळ होतं. हवा धरली म्हणजे पाणी खाली गेलं, पाणी खाली गेलं म्हणजे मोटार कोरडी चालली. कोरडी चालवली की चूक ग्राहकाची, कंपनी मोटार बदलून देत नाही. कॉम्प्युटरमध्ये कारणांची यादी होती, त्यात तिसरं कारण 'ग्राहकाने कोरडी चालवली.' मी त्याच्यावर बोट ठेवलं आणि तक्रार बंद केली.

वच्छलाबाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी जेवण झालं काय, हे विचारलं नाही. "विहिरीत दोन पुरुस पानी हाये. येऊन पाहा. कोरडी म्हणता काऊन?"

म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर बुडतील एवढं पाणी. मी म्हटलं, तेव्हा नसंल. त्या म्हणाल्या, "रातून कोणं आनून ओतलं काय मंग?" मी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि गेलो नाही. खरं कारण गुडघा नव्हता. आपण ऐकलेलं चूक निघू शकतं, हे पाहायला मला जायचं नव्हतं. शेजाऱ्याने त्यांना आठ दिवसांपुरतं पाणी देऊ केलं, पुढे त्याच्या गव्हाला लागणार होतं. त्यांनी थेट पुण्याला तक्रार केली. तीन-चार दिवस असेच गेले.

आणि एका दुपारी दुकानाच्या जिन्यावर मृणाल उभी. ठेंगणी, पाठीवर तिच्याएवढीच बॅग, केसांत रस्त्याची धूळ.

"काका, आवाजावरून तुम्ही जाडजूड वाटला होता."

"तुमीबी उंच वाटल्या होत्या."

मग कळलं की बाई चिखलीला न उतरता आधी बुलडाण्यावरून देऊळघाटला जाऊन आली होती. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला आणि दोरी किती भिजली ते पाहिलं. "दोन पुरुस आहे," ती म्हणाली. हा शब्द तिने वच्छलाबाईंकडून घेतला होता.

मी म्हटलं, "आज आहे. त्या दिवशीचं बोला."

"त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आणलंय."

कॉम्प्युटरला तिने स्पीकर जोडला. माझाच आवाज, वच्छलाबाईंचा आवाज, मग पाइप. घरघर, गुडगुड. मी डोळे मिटून ऐकलं.

"शिट्टी?" तिने विचारलं.

"कोठी आहे शिट्टी? साफ हवा धरली आहे."

तिने आवाज वाढवला आणि पुन्हा लावलं. मी पुन्हा ऐकलं. मी तिला समजावून सांगायला लागलो की बाई, शिट्टी काय असते ते तुमाले सांगतो, ते सुईसारखी असते, ते ऐकाले कान तयार व्हा लागते. एवढ्यात खालून, दुकानातून, काउंटरवरून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता गजानन ओरडला, "ओ भाऊ, वरतं कुकर लावला काय? शिट्टी काऊन वाजून राह्यली कवाची?"

मृणालने स्पीकर बंद केला.

खोलीत पंखा फिरत होता. मला तोही ऐकू येत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. तो फिरताना नुसता दिसत होता.

ती म्हणाली, "काका, ते नेटवर्क नव्हतं."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. वर्षभर तिने माझ्या कागदावर लिहिलं होतं, नेटवर्क खराब. लोकांना मी पुन्हा पुन्हा विचारतो, हे तिने ऐकलं होतं. ज्या ठिकाणी कान लिहायचं तिथे तिने नेटवर्क लिहिलं होतं. आणि मी सिमकार्ड बदलत होतो.

"कवापासून माहीत आहे तुमाले?"

"गेल्या वर्षीच्या संक्रांतीपासून. वाटलं होतं, मोटारींचं तरी बरोबर ऐकता." मग खाली पाहून म्हणाली, "मी तेव्हाच लिहायला हवं होतं. माझीही चूक आहे. उद्या बारापर्यंत अहवाल द्यायचाय. त्यात काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही."

मला कळत होतं काय काय अडकलं आहे. तिने कान लिहिलं तर माझी खुर्ची गेली. फोन ऐकायच्या खुर्चीवर बहिरा माणूस कोण ठेवतो. मग पुन्हा ती पायरी, आणि आता तर सल्ला द्यायचंही तोंड नाही. तिने नेटवर्क लिहिलं तर वच्छलाबाईंची मोटार कोरडीच राहिली, आणि शेजाऱ्याच्या पाण्याचे चार दिवस उरलेले. मी तिला, वाचव, असं म्हटलं नाही. तेवढं माझ्याच्याने झालं नसतं. मी म्हटलं, "गाडीले वेळ आहे. घरी चाला, जेवून जा."

घरी आमच्या मंडळींनी तिला समोर बसवून भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तो संपवला. जेवता जेवता मृणालने माझ्या कानाचं हळूच विचारलं. मंडळींनी भाकरी थापायचं थांबवलं.

"अवो माय, तुमाले पुण्यात बसून समजलं? मी दोन वर्षांपासून घरात बोंबलून राह्यली मंग कायच्यासाठी?"

मी म्हटलं, "मले वाटलं तू भांडखोर झाली."

"भांडत त मी आधीपासून होती. वरडाले आता लागली."

त्या दोघी हसत बसल्या. मी ताटाकडे पाहत राहिलो. दोन वर्षं मी त्या बाईला मनातल्या मनात बोल लावला होता. हा हिशोब एकट्या वच्छलाबाईंचा नव्हता.

संध्याकाळी तिला स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी लागलेली होती. मी तिची बॅग उचलली, तिने ती परत घेतली, मग मी ती पुन्हा घेतली. गाडीच्या दारात मी विचारलं, "वच्छलाबाईच्या फोनले किती मार्क देता?"

तिने माझ्या हातातून बॅग घेतली.

"सांगा न. अडतीस पायले आहेत म्या."

"एकाहत्तर," ती म्हणाली. "चार मिनिटांच्या आत संपला. शांतता नाही. तुम्ही ग्राहकाला ठाम उत्तर दिलंत. ते नमस्काराचं वाक्य आणि तीनदा नाव सोडलं तर सगळं बरोबर आहे. तीन वर्षांतला तुमचा तेवढा एकच कॉल पास आहे, काका."

कंडक्टरने घंटी मारली. ती मी ऐकली, म्हणजे ओढलेली दोरी पाहिली.

खिडकीतून ती म्हणाली, "मी बारापर्यंत थांबते." ते तिच्या ओठांवरून कळलं. गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माणसांचं बोलणं मी बरेच दिवस असंच पाहत होतो आणि त्यालाच ऐकणं समजत होतो. फोनवर ओठ नसतात.

घरी येऊन मी कुणाशी बोललो नाही. मंडळी ओरडल्या नाहीत, हळू बोलल्या असतील तर मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहाच्या आधीच वरच्या खोलीत गेलो. कंपनीचा फोन बाजूला ठेवला आणि माझ्या खिशातल्या मोबाईलवरून पुण्याचा तक्रारीचा नंबर लावला, मोबाईल डाव्या कानाला दाबून, कारण तो उजव्यापेक्षा जरा बरा आहे. आधी मशीन बोललं, आपला फोन गुणवत्तेसाठी नोंदवला जात आहे. तीन वर्षं मी त्या मशीनला नावं ठेवली होती. त्या दिवशी बरं वाटलं. जिने ऐकायला पाहिजे, ती ऐकणार होती.

मग एक मुलगा आला. "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?"

"जेवण झालं काय?" मी म्हटलं. सवय.

तो गोंधळला. "सर, ग्राहकाचं नाव?"

"वच्छलाबाई, देऊळघाट. मोटार जळली. ते कोरडी नाही चालली. बेअरिंग गेलं होतं. मोटार खोलून पाहा, तिथंच दिसंल. तीन दिवसांत दुसरी मोटार पायजे, कांदा गोंड्यावर आहे."

"तक्रार कुणाबद्दल आहे सर?"

"चिखलीच्या कक्षात सुखदेव म्हून माणूस बसते. त्यानं शिट्टी ऐकली नाही. बाईनं सांगितली तरी तिलेच बोलला. त्याले कमी ऐकू येते. लिहा."

"आणि आपण कोण बोलताय?"

"सुखदेव," मी म्हटलं. "चिखलीचा कक्ष."

तिकडे शांतता. मी त्याचे मार्क कापले नाहीत. थोड्या वेळाने त्याने विचारलं की हे कोणत्या रकान्यात घालू. रकाना त्याला सापडेना. त्याने साहेबाला विचारलं, परत आला, पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहून घेतलं, आणि मी प्रत्येक शब्द त्याला दोनदा वदवून घेतला. अकरा मिनिटं झाली. नापास.

फोन ठेवला तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. कंपनीच्या फोनचा दिवा लागला, उंद्रीची लाइन आली होती. मी जिन्यात जाऊन गजाननला हाक मारली. तो वर आला, कालच्या कुकरचं अजून हसतच. मी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं, हेडफोन त्याच्या कानात घातला आणि फोन उचलून दिला. तोच होता, रोजचा, मोटार चांगली चालते हे सांगणारा.

"त्याले म्हण पाइपाले टेकव," मी म्हटलं. "अन् नीट ऐक. आधी चांगली मोटार कशी वाजते ते शीक."

गजानन ऐकत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो.

"शिट्टी आहे काय?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"मंग त्याले सांग, चांगली आहे म्हून. अन् जेवला काय ते इचार."